माझ्यापासून शून्य मीटर

ज्येष्ठ मंडळाच्या बैठकीत मी हात वर केला, तो पंखा कमी करा हे सांगायला. वारा थेट माझ्या मानेवर येत होता. पण नेमक्या त्याच क्षणी चिटणीसबाईंनी विचारलं होतं, "हे काम अंगावर घ्यायला कोण तयार आहे?" आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर पंख्याचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. माझ्यासाठी याआधी टाळ्या वाजल्या होत्या त्या निवृत्तीच्या निरोप समारंभात, आणि त्या टाळ्यांत सुटल्याचा आनंद जरा जास्तच होता असा माझा आजही संशय आहे. या टाळ्या मात्र अस्सल होत्या. मी मान चोळत त्यांचा स्वीकार केला.

काम असं होतं. आमच्या कॉलनीत एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच आहेत. (मी त्यांच्यात स्वतःला धरत नाही. मी निवृत्त आहे आणि एकटा राहतो, एवढंच.) त्यांतल्या एका बाईंना दुपारी चक्कर आली आणि त्या दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघरात पडून होत्या. भिंतीपलीकडचे लोक घरातच होते, टीव्ही बघत. तेव्हा मंडळाने ठरवलं, की प्रत्येक सभासदाच्या फोनवर एक बटण असावं. ते दाबलं की सर्वांत जवळच्या तीन सभासदांना निरोप जावा आणि त्यांनी धावत यावं. बटणाची सोय मोबाइलच्या दुकानदाराने करून दिली. सर्वांत जवळचे तिघं कोण, हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पाणीपुरवठा खात्यात मी जन्मभर डेटाबेस सांभाळला आहे.

"रिलेशनल डेटाबेस म्हणजे नक्की काय हो?" चिटणीसबाईंनी विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी प्रश्न विचारला की माणूस आपोआप उभा राहतो. मी उभा राहिलो.

"तक्ते असतात, बाई. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात त्यांच्या जागा. आणि त्या तक्त्यांची एकमेकांशी नाती असतात."

"म्हणजे नात्यागोत्याचं आहे तर!" बाई समाधानाने म्हणाल्या. "मग आपल्याला हेच हवं होतं."

मी खाली बसलो. समजूत चुकीची होती, पण इतकी गोड होती की मोडवेना.

कॉलनीचा नकाशा मिळावा म्हणून मी आधी नगररचना कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी एक भलामोठा कागद पसरला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे शेत आहे."

"शेत नाही हो, आम्ही राहतो तिथे."

"कधीपासून?"

"वीसेक वर्षं झाली."

"कळवलं होतं?"

घर घेताना, लाइट घेताना, पाणी घेताना आम्ही दिसेल त्याला कळवलं होतं. या खिडकीला कळवायचं राहून गेलं असावं. "मग आमची कॉलनी नक्की आहे कुठे?" मी विचारलं. "तसा अर्ज करा," ते म्हणाले, "म्हणजे आम्ही बघून सांगू."

नकाशाचा नाद सोडून मी सोपा मार्ग काढला. प्रत्येकाने आपल्या घरात उभं राहून फोनवरून आपलं ठिकाण मला पाठवायचं. 'घरात उभं राहून' हे शब्द मी अधोरेखित केले होते. लोकांनी बसून पाठवलं, झोपून पाठवलं, भाजीबाजारातून आणि दंतवैद्याच्या दारातून पाठवलं. एका वकीलसाहेबांनी तर ठिकाण सांगणं सक्तीचं आहे का, अशी लेखी विचारणा करून मगच पाठवलं. तरी गोळा झालं सगळं. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश मी तक्त्यात भरले, प्रत्येक माणसाचा एक ठिपका तयार केला आणि मंडळाच्या सभागृहात भिंतीवर पडदा लावून ते ठिपके जगाच्या नकाशावर टाकले.

आमची अख्खी कॉलनी उत्तरेकडच्या एका गोठलेल्या समुद्रात पडली.

लोक आपापला ठिपका शोधायला पडद्यापाशी गेले. मग वकीलसाहेब म्हणाले, "याची जबाबदारी कुणाची?"

चूक साधी होती. तोंडाने आपण नेहमी म्हणतो अक्षांश-रेखांश, आणि डेटाबेसला ते हवे असतात उलटे, आधी रेखांश. मी तोंडाच्या सवयीने भरले. ही चूक जगभरचे जाणते लोक करतात, असं मी सांगून पाहिलं. "जगभरचे लोक काय करतात ते सोडा," चिटणीसबाई म्हणाल्या, "आपल्या लोकांना आधी बाहेर काढा." मी काढलं. दुसऱ्या बैठकीला सगळे कोरड्या जमिनीवर होते, आणि मी मोठ्या उमेदीने बाईंचा सर्वांत जवळचा शेजारी शोधून दाखवला. पडद्यावर अंतर आलं शून्य पूर्णांक, पुढे तीन शून्यं आणि मग कुठे एक चार.

"हे काय आहे?"

"अंतर. अंशांत आहे ते."

"एवढ्याशा अंशाला कशाला कुणाला बोलवायचं?" मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले. "मी तर दोन अंश ताप असला तरी अंगावर काढतो."

तेव्हा अंशांचे मीटर करणं आलं. त्यासाठी पृथ्वी गोल आहे हे डेटाबेसला सांगावं लागतं, नाहीतर तो तिला कागदासारखी सपाट धरून चालतो. तेही सांगितलं. मग घरी बसून निवांतपणे माझा स्वतःचा ठिपका घेतला आणि क्वेरी चालवली, म्हणजे तक्त्याला विचारलं, की बाबा, या माणसाच्या सर्वांत जवळ कोण आहे ते सांग. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं. माझंच नाव. अंतर शून्य मीटर.

गणिताच्या हिशेबाने बिनचूक. मीही त्याच तक्त्यात होतो, आणि माझ्यापासून माझ्याइतकं जवळ दुसरं कोण असणार? 'स्वतःला सोडून' अशी अट घालायची मी विसरलो होतो. अट घालणं ही एका ओळीची दुरुस्ती. पण त्या संध्याकाळी मी ती लगेच केली नाही. स्क्रीनवरचं स्वतःचं नाव आणि पुढचं शून्य बघत बसलो. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्या गावी असते आणि माझी चौकशी अशी करते, जणू मी अजून हाफपँटमध्ये आहे.

"जेवलास का? आणि सध्या करतोयस काय?"

मी तिला गंमत म्हणून शून्य मीटरची हकीकत सांगितली. ती खो खो हसली. मग हसणं मध्येच थांबलं.

"अरे, पण खरंच," ती म्हणाली, "जवळ आहे का रे कुणी तुझ्या?"

"तेच तर शोधतोय, ताई. तांत्रिक काम आहे," मी म्हणालो आणि दूध तापायला ठेवलंय असं सांगून फोन ठेवला. दूध तापायला ठेवलेलं नव्हतं. मग खोटं पडायला नको म्हणून ठेवलं.

यादी जाहीर झाली आणि आक्षेप सुरू झाले. आपल्या भाषेत 'जवळचा' हा शब्द भारी जोखमीचा आहे, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. "त्या माझ्या जवळच्या?" एक बाई थेट माझ्या दारात येऊन म्हणाल्या. "गच्चीवरच्या दोरीवरून आमचं बोलणं बंद झालंय, ते कितीतरी वर्षांपूर्वी! मी पडले तर त्या वरून गादी वाळत घालतील." मी म्हटलं, मीटरमध्ये जवळच्या आहेत. "मग मीटर बदला," त्या म्हणाल्या. एका काकांना आपल्या तिघांत डॉक्टर हवे होते. दुसऱ्या एका आजोबांना वकील नको होते. एक जोडपं वेगवेगळं भेटायला आलं आणि दोघांनीही एकमेकांचं नाव काढायला सांगितलं. शेवटी 'जवळचा' या शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी मंडळाने उपसमिती नेमली. ती माझ्या माहितीप्रमाणे अजून बसते आहे.

मग झाली रंगीत तालीम. चिटणीसबाई स्वतः आजारी पडणार होत्या. त्यांनी सतरंजीवर आडवं होऊन, डोळे मिटून बटण दाबलं आणि त्या बेशुद्ध झाल्या. तालमीपुरता क्वेरीने एकच, सर्वांत जवळचा सभासद शोधला, निरोप गेला, निवृत्त स्टेशनमास्तर घरातून धावत सुटले. आणि बाईंच्या कुंपणाच्या मागच्या उंच भिंतीपाशी येऊन थांबले. कारण अंतर मी मोजलं होतं सरळ रेषेत, कावळ्याला लागेल तेवढं. मास्तर भिंतीपलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांना वळसा घालून यायचं तर अख्खी कॉलनी पालथी घालावी लागते.

"बाई, शुद्धीवर आहात का?" भिंतीपलीकडून मास्तर ओरडले.

बाई कर्तव्यकठोर. गप्प राहिल्या.

"बाई! काही बोलाल का?"

"मी बेशुद्ध आहे!" बाई डोळे न उघडता कडाडल्या. "बेशुद्ध माणसाला प्रश्न विचारायचे नसतात, एवढंही कळत नाही?"

या सगळ्याचं खापर अर्थात माझ्यावर फुटलं. मी घरी येऊन भिंती, कुंपणं, बंद फाटकं असा नवा तक्ता करायला बसलो. दिवसचे दिवस गेले त्यात. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. दारावरची बेल वाजायची, कुणीतरी भांडायला यायचं, मी चहा टाकायचो, भांडण चहाबरोबर संपायचं. मग कटकटी मिटत गेल्या, बेल वाजेनाशी झाली, आणि कामाला लावलेला डबल चहाचा टोप मी पुन्हा वर ठेवून दिला.

अशाच एका रिकाम्या दुपारी माझ्या डोक्यात क्वेरी उलटी चालवायची टूम निघाली. माझ्या जवळचे तिघं मला ठाऊक होते. पण मी कुणाकुणाच्या तिघांत आहे? कुणी बटण दाबलं तर माझा फोन वाजेल, असं कोण कोण आहे? वाचकांना वाटेल, यात काय मोठंसं, जो माझ्या जवळ, त्याच्या जवळ मी. तसं नसतं. माझी इमारत कॉलनीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे. इमारतीत बाकी सगळी तरुण बिऱ्हाडं, मंडळाचा सभासद मी एकटा. मला जे सर्वांत जवळचे, त्यांना माझ्यापेक्षा जवळचे असे कितीतरी होते. जवळिकीला उलट पावती मिळेलच असं नाही.

क्वेरीने अख्खा तक्ता धुंडाळला आणि एक नाव काढून दिलं. फक्त एक.

चष्मेवाले. यांचं पूर्वी चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. मी त्यांना बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बघितलं होतं, बोललो कधी नव्हतो. पण एका माणसाच्या आयुष्यात आपण पहिल्या तिघांत आहोत, हे कळल्यावर त्या माणसाबद्दल एकाएकी माया वाटायला लागते. मी सदरा बदलून भेटायला निघालो. त्यांचा ठिपका माझ्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर होता. मी त्या ठिपक्यावर जाऊन उभा राहिलो आणि वर पाहिलं. ते एक सलून होतं.

आत चष्मेवाले गिऱ्हाइकांच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. केस कापायचे नव्हते त्यांना. मुळात डोक्यावर फारसे केसच नव्हते.

"तुमचं ठिकाण चुकलंय," मी म्हणालो. "तुम्ही सलूनमधून पाठवलंत. घर कुठे तुमचं?"

"पार तिकडे. दुसऱ्या टोकाला. चौथा मजला."

"मग घरी गेल्यावर परत पाठवा. मी दुरुस्त करतो."

दुरुस्ती केली की माझ्या यादीतलं ते एकुलतं नाव जाणार होतं. पण मी पाणीपुरवठ्यातला माणूस. चुकीची नोंद मला बघवत नाही.

"कशाला?" चष्मेवाल्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "घरी मी झोपतो फक्त. सकाळी येतो तो इथे, आणि हा शटर ओढतो तेव्हा जातो. राहतो तिथे, पण असतो इथे. तुमच्या मशीनला असतो ते सांगा."

"आणि घरी काही झालं तर?"

"घरी काय होणार? घरी कुणी नसतंच."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की सलूनवाला कात्री थांबवून आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो मला म्हणाला, "बसा ना साहेब. बाकावर जागा आहे."

मी बसलो. दुसऱ्या दिवशीही गेलो, ठिकाणाची फेरतपासणी म्हणून. तिसऱ्या दिवशी कारण सांगायची गरज कुणाला वाटली नाही. आम्ही फार बोलायचो अशातला भाग नाही. चष्मेवाले गिऱ्हाइकांच्या नाकाकडे बघून कुणाला कोणती फ्रेम शोभेल ते हळू आवाजात मला सांगायचे. मी त्यांना पृथ्वी सपाट धरली तर काय काय घोटाळे होतात ते सांगायचो. सलूनवाला आमच्या दोघांच्या मध्ये स्वतःचं मत घालायचा. महिन्यातून एकदा आम्ही दोघंही केस कापून घेत असू, बाकाचं भाडं समजून.

एके सकाळी मी दूध तापत ठेवलेलं असताना (हे खरंच ठेवलेलं होतं) फोन किंचाळला. 'मदत हवी आहे.' नाव चष्मेवाल्यांचं. ठिकाण सलून. मी तसाच सुटलो. सलूनमध्ये बाक रिकामा.

"आले नाहीत आज," सलूनवाला म्हणाला. "मलाही मघापासून चुकल्यासारखं होतंय."

म्हणजे ते घरी होते. त्यांच्या घराला लागून राहणाऱ्या सभासदांचे फोन गप्प होते आणि सलूनच्या जवळ राहणारा मी उभ्या कॉलनीच्या पलीकडे धावायला निघालो होतो. उरलेल्या दोन जवळच्यांपैकी एक मुलाकडे गेलेले, आणि दुसऱ्यांचा फोन, नंतर कळलं, चार्जिंगला. सगळ्या भिंती, कुंपणं, फाटकं मी तक्त्यात घातली होती. माणूस रोज एका जागचा उठून दुसऱ्या जागी जातो, याला मात्र माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

माझं धावणं हा बघण्याचा विषय आहे. वाटेत चिटणीसबाई फिरायला निघालेल्या भेटल्या. "छान! व्यायाम सुरू केलात?" त्या म्हणाल्या. मला उत्तर द्यायला दम नव्हता, मी हाताने पुढे दाखवलं. त्यांनी पुढे बघितलं, तिथे काहीच नव्हतं. तरी त्या माझ्यामागे चालायला लागल्या. बाईंचं हे मी विसरणार नाही.

चौथ्या मजल्यावर दार आतून बंद. मी दार बडवलं.

"चष्मेवाले! कुठे आहात?"

"बाथरूमच्या दाराशी," आतून आवाज आला. "घसरलो. उठता येत नाहीये. तुम्ही आत या."

"कसा येऊ? कडी आहे!"

"मग थांबा, मी येतो."

"येऊ नका!" मी किंचाळलो. "पडून राहा!"

समोरच्या दारातून एक तरुण बाहेर आला. समोर कोण राहतं हे त्याला माहीत नव्हतं, पण खांदा मजबूत होता. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली. चष्मेवाले बाथरूमच्या उंबऱ्यात आडवे पडले होते, पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढराफटक. चष्मा मात्र सरळ होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सलूनला जाऊन आलात ना आधी?"

"हो."

"वाटलंच. चुकलं माझं." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मला वाटलं, कुणी येतच नाहीये."

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसलो आणि त्यांचा हात धरला. त्यांनी दुसऱ्या हाताने माझाच हात थोपटला. खाली चिटणीसबाईंनी तोवर अँब्युलन्स बोलावून अँब्युलन्सवाल्याला असं फैलावर घेतलं होतं, की तो स्ट्रेचर घेऊन चार मजले जवळजवळ पळतच आला.

हॉस्पिटलमध्ये दाखल करताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"मी त्यांच्या यादीत दुसरा आहे," मी म्हणालो. "अंतराच्या हिशेबाने."

"नातं सांगा, काका. मुलगा, भाऊ, मेव्हणा?"

ओठांवर एक शब्द आला होता, पण तो एकतर्फी कसा उच्चारायचा? तेवढ्यात स्ट्रेचरवरून चष्मेवालेच म्हणाले, "ओळखीचे आहेत, असं लिहा." मुलीने लिहिलं. मी बाजूला जाऊन खुर्चीवर बसलो. माणसाच्या मांडीचं हाड मोडलेलं असताना त्याच्या शब्दाचा राग धरू नये, हे मला समजतं. मी धरला नाही. पण तो शब्द घरी येईपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. घरी दुधाचा टोप पार काळा झाला होता. तेव्हा कळलं, गॅस बंद करायचा राहिला होता, आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीने जिन्याकडच्या खिडकीतून काठी घालून तो बंद केला होता म्हणे.

ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा लांबून आला, मला 'थँक यू काका' म्हणाला, दिवसभरासाठी एक मावशी ठेवून दिल्या आणि त्याच्या कामाला परत गेला. चष्मेवाले वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. एके दिवशी स्वतःहून म्हणाले, "आता माझं घरच घाला हो तक्त्यात. मी आता कुठे जाणार?" मी त्यांच्या हॉलमध्ये उभा राहिलो, ठिकाण घेतलं, नोंद दुरुस्त केली. आता त्यांच्या जवळच्या तिघांत समोरच्या इमारतीतले लोक आले. घरी येऊन मी ती उलटी क्वेरी पुन्हा चालवली. एकही ओळ आली नाही. डेटाबेस अशा वेळी सांत्वन वगैरे करत नाही. कोरा चौकोन दाखवतो आणि पुढच्या आज्ञेची वाट बघतो.

तरी रोज संध्याकाळी मी तिकडे जायचो. कॉलनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताईला सांगितलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते तिने विचारलं नाही.

आणि मग मला ताप आला. साधा ताप, पण अंगात भिनला. पहिल्या दिवशी वाटलं, उतरेल. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पेल्यापर्यंत जाताना भिंत धरावी लागली. बटण हाताशी होतं. पण मीच बांधलेल्या यंत्रणेचं बटण मीच दाबायचं, म्हणजे हलवायाने स्वतःच्याच दुकानात रांग लावण्यासारखं वाटत होतं. शिवाय ज्यांच्या तिघांत आपण नाही, त्यांना आपण कुठल्या तोंडाने बोलवायचं? मी पांघरूण डोक्यावर घेतलं. दुपार कलली तेव्हा छतावरचा पंखा मला बोलतोय असं वाटायला लागलं, आणि तो जे बोलत होता ते बरं नव्हतं. मी बटण दाबलं.

यंत्रणा, सांगायला अभिमान वाटतो, चोख चालली. तिघंही आले. पहिल्या बाईंनी थर्मामीटर लावला. दुसऱ्या काकांनी डॉक्टरांना फोन केला. तिसरे वकीलसाहेब. ते कोपऱ्यात उभे राहिले आणि मला तापात बघून त्यांना इतका पेच पडला, की बराच वेळ त्यांनी एकही हरकत घेतली नाही. गोळी दिली, ओली घडी कपाळावर ठेवली, 'काही लागलं तर दाबा' असं सांगून तिघं गेले. चांगली माणसं. दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि खोली आधी होती तशी झाली.

थोड्या वेळाने खाली गाडीचा भोंगा वाजला. मग परत वाजला. मग कुणीतरी बोटच दाबून धरलं. तरुण बिऱ्हाडांपैकी कुणाचा तरी पाहुणा असेल म्हणून मी कूस बदलली. तेवढ्यात माझ्या नावाने हाक आली. मी पांघरूण गुंडाळून, भिंत धरत धरत गॅलरीत आलो.

खाली एक गाडी उभी होती. मागच्या सीटवर चष्मेवाले, एक पाय सीटवर लांब केलेला, वॉकर खिडकीतून अर्धा बाहेर. गाडीला टेकून सलूनवाला, खिशात कंगवा, खांद्यावर टॉवेल.

"काल आला नाहीत!" चष्मेवाले खालून ओरडले. "आजही आला नाहीत!"

"ताप आहे!" मी वरून ओरडलो. "तुम्हाला निरोप कसा गेला? तुम्ही माझ्या तिघांत नाही!"

"कसला निरोप? मी सलूनमध्ये फोन केला. हा म्हणाला, इकडेही फिरकले नाहीत. म्हटलं, मग चल." त्यांनी जिन्याकडे बघितलं. "मला जिना चढता येणार नाही हो. तुम्हाला उतरता येईल का?"

मी उतरलो. किती वेळ लागला ते विचारू नका. प्रत्येक मजल्यावर एकदा बसलो. खाली आलो तेव्हा सलूनवाल्याने दार उघडून धरलं, चष्मेवाल्यांनी आपला मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्यासाठी जागा केली आणि मी पांघरुणासकट आत बसलो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"भट्टी झालीय," ते म्हणाले. "काय हो तुम्ही. सांगायचं नाही?"

"म्हटलं, उगाच कशाला."

"उगाच!" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. हात काढायचं मात्र ते विसरून गेले.

मी डोळे मिटले. गाडीत साबणाचा वास येत होता. मग पुढच्या सीटवरून कुणीतरी घसा खाकरला. ड्रायव्हरच्या जागेवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. गळ्याभोवती सलूनचं पांढरं कापड, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्या गालावर फेस. गाडी त्यांची होती. सलूनवाल्याने त्यांना अर्ध्या दाढीवरून उठवून आणलं होतं.

"तुमचं चालू द्या सावकाश," ते आरशातून आमच्याकडे बघत म्हणाले. "फक्त माझा साबण वाळत चाललाय."